कपाटाकडे तोंड करून

मी एक जुनी जानमाज आहे. आणि मित्रांनो, मी रागावले आहे.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की उसासे टाकतात. मला ते जमणार नाही. चाळीस वर्षं मी जमिनीवर पडून माणसांची कपाळं झेलली आणि एका शब्दाने कुरकुर केली नाही. पण माझ्यादेखत एका सात वर्षांच्या मुलीला घरातली मोठी माणसं मिळून हसली, आणि ज्याने सगळ्यात कमी हसायला हवं होतं तोच सगळ्यात मोठ्याने हसला. तेव्हापासून माझा धागा न् धागा पेटला आहे. तर ऐका.

जानमाज म्हणजे नमाज पढताना खाली अंथरायची छोटी सतरंजी. एक माणूस उभा राहील, गुडघे टेकेल आणि कपाळ टेकवेल, एवढीच तिची लांबी. एका टोकाला कमानीचं चित्र असतं. ती कमान मक्केतल्या काब्याच्या दिशेला करायची. त्या दिशेला किबला म्हणतात. जगात कुठेही असलात तरी नमाजला तोंड तिकडेच. आता मला काही स्वतःहून वळता येत नाही. जिकडे अंथराल तिकडे माझी कमान. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला हातमागावर विणलं ते एका विसरभोळ्या विणकराने. चष्मा कपाळावर चढवून विणायचा आणि मग घरभर चष्मा शोधायचा. त्यापायी माझी कमान बोटभर डावीकडे कलली. त्याची बायको म्हणाली, "ही कोण घेणार? कमान बघा, पडायला आलीय." विणकर म्हणाला, "उभं राहणारा सरळ असला म्हणजे झालं." झालं मात्र काहीच नाही. दुकानात माझ्या बहिणी भराभर विकल्या गेल्या आणि मी ढिगाच्या तळाशी पडून राहिले.

शेवटी एकोणीस वर्षांची एक शिंपीण आली. तिने मला आधी उलटी केली आणि गाठी तपासल्या. शिवणारी माणसं कापड असंच बघतात, आधी उलटी बाजू. मग सुलटी केली. वाकडी कमान तिला दिसली. "काम पक्कं आहे, हीच द्या," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून मी तिची.

तिचं खाली शिलाईचं दुकान आणि वर एक खोली. आईवडील लवकर गेलेले. घरात ती आणि सहा वर्षांचा भाऊ. तुम्ही त्याला पुढे बटण नावाच्या पोरीचे अब्बा म्हणून ओळखाल, म्हणा बापडे. मी त्याला तेव्हापासून ओळखते. माझ्यासाठी तो धाकटाच.

धाकट्याला तिने नमाज शिकवली ती माझ्यावर. त्याला समोर उभं करून स्वतः खुर्चीत बसली नाही. शेजारी चादर अंथरून त्याच्याबरोबर उभी राहिली. त्याआधी वुजू, म्हणजे हात, तोंड, पाय धुणं. धाकटा नळ धो धो सोडायचा आणि कोपर मात्र कोरडं ठेवायचा. ती रोज त्याचं कोपर चाचपून बघायची. आणि सजद्यात, म्हणजे कपाळ टेकवलं रे टेकवलं की या पठ्ठ्याला तिथेच डुलकी लागायची. बूड वर, कपाळ माझ्यावर, आणि लाळेचा ओघळ थेट माझ्या कमानीत. शिंपीण आपली नमाज पुरी करून शांत बसून राहायची. ना हसली, ना ओरडली. जाग आली की तो दचकून म्हणायचा, "झाली!"

"झोप झाली," ती म्हणायची. "नमाज राहिली. चल, मी पण परत उभी राहते."

असं एकदा नाही, दोन वर्षं चाललं. ती लाळ मी विसरलेले नाही आणि त्यानेही विसरायला नको होती.

धाकटा मोठा झाला, फ्रीज दुरुस्त करायला शिकला, त्याचं लग्न झालं, आणि त्याच खोलीत एक मुलगी जन्मली. रांगायला लागल्यापासून तिचा एकच उद्योग: दुकानात पडलेलं बटण शोधायचं आणि तोंडात टाकायचं. म्हणून तिचं नाव पडलं बटण. अम्मी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी, धाकटा कामावर, त्यामुळे बटण वाढली ती फुफीजवळ. फुफी म्हणजे वडलांची बहीण, म्हणजे माझी शिंपीण. एव्हाना तिचे केस पिकले होते, पण सुईत दोरा ती अजून पहिल्या फटक्यात ओवायची.

धर्मातल्या पाच मुख्य गोष्टी फुफीने तिला शर्टाच्या पाच बटणांवर शिकवल्या. पहिलं कलमा, म्हणजे अल्लाह एक आहे ही मनातली खूणगाठ. दुसरं नमाज, तिसरं रोजा, चौथं जकात, म्हणजे आपल्यातलं गरजूला देणं, पाचवं हज. "पहिलं चुकीच्या काजात गेलं तर काय होतं?" फुफी विचारायची. बटण मुद्दाम चुकीचं लावायची आणि शर्टाचं एक टोक लोंबताना बघून दोघी खिदळायच्या. जकात शिकवताना फुफीने तिच्या दोन रिबिनींतली एक शेजारच्या मुलीला द्यायला लावली. बटणने जुनी उचलली. फुफी म्हणाली, "ती नव्हे. आवडती दे." बटण दिवसभर फुगून बसली होती, पण दिली. पाठ करून घेतलेलं विसरतं. ती रिबीन ती अजून विसरलेली नाही.

आणि दिशा? त्या खोलीत हिरवं लोखंडी कपाट होतं, खालच्या बाजूला पोचा आलेलं. पाच वर्षांच्या मुलीला नकाशा काय समजणार? फुफीने कपाटाकडे बोट केलं. "कपाटाकडे तोंड करायचं. त्याच्या पलीकडे खूप खूप दूर काबा आहे." बटणला ते पटलं. रोज संध्याकाळी ती आपल्या हाताने मला अंथरायची, कमान कपाटाकडे, आणि फुफीच्या शेजारी उभी राहायची.

मग धाकट्याने स्वतःचं दुकान टाकलं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला मोठं घर घेतलं. फुफी आली नाही. "माझं मशीन इथे, माझी गिऱ्हाईकं इथे. दोन बस बदलून रोज कोण येणार?" निघताना तिने मला बटणच्या हातात दिलं. सामान बांधणाऱ्यांनी मला तिच्याकडून काढून घेतलं आणि माझ्यात शोकेसच्या काचा गुंडाळल्या. माझ्यात! काचा! एका शब्दाने कोणी त्यांना हटकलं नाही. बटणनेच मला सोडवलं आणि फुटलेल्या काचेचा एकेक कपचा वेचून काढला.

नव्या घरात पाहुण्यांसाठी मखमली जानमाजा आल्या, जाड, गुबगुबीत, कोऱ्या प्लॅस्टिकसकट. बटणसाठी टॅब आला. त्यावर आठवड्यातून तीनदा क्लास. शिकवणारे उस्ताद दूर कुठल्या गावातून बोलायचे. चांगले होते बिचारे, उच्चार घासून घ्यायचे. पण त्यांना बटणचं तोंड तेवढं दिसायचं. ते तोंड कुठल्या भिंतीकडे आहे हे त्यांना कसं कळणार? धडा पुरा झाला की टॅबवर एक तारा चमकायचा. धाकटा घरी आला की विचारायचा, "आज किती तारे?" एवढं विचारलं की त्याचं कर्तव्य संपलं. तो स्वतः शुक्रवारी मशिदीत जायचा, बाकी सहा दिवस दुकान. अम्मी औषधांच्या दुकानातच मागच्या खोलीत नमाज उरकून यायची आणि घरी आली की पाय वर करून पडायची. तिचे पाय खरंच सुजलेले असायचे, म्हणून तिच्यावर माझा राग अर्धा. अर्धा तरी आहेच.

आता ऐका काय झालं. ते हिरवं कपाटही नव्या घरात आलं होतं आणि बटणच्या खोलीत लागलं होतं, पण अगदी उलट्या भिंतीला. बटणने पहिल्याच संध्याकाळी कपाट शोधलं आणि मला त्याच्याकडे कमान करून अंथरलं. मला लगेच खटकलं. जुन्या खोलीत मावळतीचं ऊन माझ्या कमानीवर पडायचं. इथे ते माझ्या शेपटाच्या गोंड्यांवर पडलं. पण मी पडले मुकी. घरात दोन मोठी माणसं होती. कोणीही एकदा, फक्त एकदा, तिच्याबरोबर उभं राहिलं असतं तरी पुरे होतं.

कोणी राहिलं नाही. तीन महिने ती पोर एकटी, मनापासून, कोपरं नीट भिजवून, किबल्याकडे पाठ करून उभी होती.

मग तो दिवस आला. अम्मीच्या बहिणीचे यजमान, म्हणजे धाकट्याचे साडू, सहकुटुंब घर बघायला आले. चहा झाला, फरशीचं कौतुक झालं, आणि धाकट्याला मिरवायची हुक्की आली. "आमच्या बटणला सगळं पाठ आहे. अठ्ठ्याऐंशी तारे! बटण, खालूंना नमाज दाखव."

दाखव! नमाज काय दाखवायची गोष्ट आहे? पण बटण खूश झाली. तिने मला आणलं, दिवाणखान्यात नाही, आपल्या खोलीतच अंथरलं, आणि सगळे दारात गर्दी करून उभे राहिले. ती कपाटाकडे तोंड करून उभी राहिली.

साडूभाऊंनी भुवया उंचावल्या. फोन काढला, त्यातला किबला दाखवणारा बाण इकडेतिकडे फिरवून बघितला, आणि खो खो हसत सुटले. "अगं, किबला राहिला तुझ्या पाठीमागे! कपाटाला कसला सजदा करतेस? आत मिठाई आहे का?"

सगळे हसले. धाकट्याचं तोंड आधी पडलं, आणि मग तोही हसला, सगळ्यांच्या वर आवाज चढवून. स्वतःची लाज दुसऱ्याच्या अंगावर ढकलायची असली की माणसं असंच हसतात. पाहुणे गेल्यावर तो बटणवर घसरला, "चार लोकांत नाक कापलंस माझं! एवढा क्लास लावलाय, साधी दिशा कळत नाही?" बटण म्हणाली, "पण फुफीनेच..." "फुफी फुफी करू नकोस!" आणि त्याने मला गुंडाळून त्याच कपाटावर, सुटकेसच्या मागे फेकलं. मित्रांनो, ज्या हातांनी फेकलं त्या हातांची लहानपणची बोटं मला आठवत होती.

कपाटावरून खोली सगळी दिसते. पुढचा महिनाभर मी जे बघितलं ते मला हसण्याहून जास्त लागलं. संध्याकाळी अम्मी स्वयंपाकघरातून हाक मारायची, "बटण, नमाजची वेळ झाली गं." बटण बाथरूममध्ये जायची, नळ सोडायची, बंद करायची. बाहेर यायची ती कोरड्या कोपरांनी. खोलीचं दार लावायची, पलंगावर बसायची, आणि ओठांतल्या ओठांत शंभर आकडे मोजायची. मग दार उघडून म्हणायची, "झाली!"

"शाबास," अम्मी म्हणायची.

टॅबवर तारे चमकतच होते. शंभर झाले, एकशे दहा झाले. जी मुलगी आवडती रिबीन देऊन टाकायला शिकली होती ती आता खोटं बोलायला शिकली होती, आणि घरातल्या घरात, आमच्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून. तिला खोटं कोणी शिकवलं? टॅबने नाही. तुम्हीच सांगा, चुकलं की हसं होतं हे एकदा कळल्यावर शहाणं मूल दुसरं काय करेल? मी वर पडून नुसती जळत होते.

शाळेच्या गणवेशांचं काम आटोपल्यावर एक दिवस फुफी दोन बस बदलून आली. पर्समध्ये मेझरिंग टेप, शिंप्याचा चपटा खडू आणि बटणसाठी नवा फ्रॉक. फ्रॉक घालून झाला, घेर धरून गिरक्या झाल्या. मग तिने विचारलं, "आपली जानमाज कुठे गं?"

"मी आता मखमलीवर पढते," बटण म्हणाली, पण डोळे वर कपाटाकडे गेले. फुफीने खुर्ची ओढली, सुटकेस बाजूला सारली आणि मला खाली काढलं. माझ्यावर बोटभर धूळ. तिने ती बघितली, मला खिडकीत झटकलं आणि बटणच्या हातात दिलं. "घे, अंथर. मगरिब, सूर्यास्ताची नमाज, व्हायला आली, दोघी पढू."

बटण मला छातीशी धरून खोलीच्या मधोमध उभी राहिली. या भिंतीकडे वळली, त्या भिंतीकडे वळली, आणि एकदम रडायला लागली. "कुठे तोंड करू? तूच म्हणालीस कपाटाकडे! मी कपाटाकडेच केलं!"

हळूहळू, हुंदक्याहुंदक्याने सगळं बाहेर आलं. कपाट, खालू, हसणं, कोरडी कोपरं, शंभर आकडे. फुफी तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"मला वाटलं, काबापण कपाटामागोमाग येतो," बटण म्हणाली.

फुफी हसली नाही. "चूक माझी," ती म्हणाली. "मी तुला कपाट दाखवलं, दिशा नाही दाखवली. आळस केला मी."

"मग माझी तीन महिन्यांची नमाज वाया गेली?"

"मुद्दाम उलटी उभी होतीस का?"

"नाही."

"ज्याच्यासाठी उभी होतीस, त्याला ते कळलं असेल. तो काही फोन बघून हसत नाही. पण शंभर आकडे मोजलेस, ते मात्र तुझं तूच बघ."

बटणने नाक पुसलं आणि मान हलवली. फुफीने तिला खिडकीशी नेलं, सूर्य दाखवला, आपण इथे आणि काबा तिथे असं खडूने फरशीवर काढून दाखवलं, आणि शेवटी खिडकीकडे तोंड करणारा एक ठसठशीत बाण ओढला. "कपाट हलेल, घर बदलेल. तू आधी विचारायचं, कुठे तोंड करायचं? विचारण्यात लाज नाही."

एवढ्यात धाकटा घरी आला. दारातच त्याला फरशीवरचा खडू दिसला. "आपा, हे काय? नवी फरशी आहे!"

फुफी उठली. आवाज चढवला नाही तिने. तिचा आवाज खाली उतरला की जुन्या दुकानात मशिनंसुद्धा थांबायची.

"पोरगी तीन महिने उलटी उभी होती, हे तुला कधी कळलं?"

"त्या दिवशी... पाहुणे आले तेव्हा."

"तीन महिने एका छपराखाली राहून? मग तू रोज कुठे तोंड करून उभा होतास?"

अम्मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिने मान खाली घातली. मित्रांनो, ते वाक्य मी चार महिने मनात घोळवत होते. बोलायला मला तोंड नव्हतं. फुफीने ते माझ्या वतीने बोलून टाकलं आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

"तिला सगळं पाठ आहे, आपा," धाकटा कसाबसा म्हणाला. "पाचही गोष्टी. टॅबवर बघ..."

"बटणं लावून ठेवली म्हणजे शर्ट अंगात आला असं होत नाही रे. तुला मी टॅबवर शिकवलं होतं? तू या जानमाजवर लाळ गाळून झोपायचास, तेव्हा मी चार पाहुणे बोलावून दाखवलं होतं?"

बटणने चमकून अब्बांकडे बघितलं. "अब्बा झोपायचे? सजद्यात?"

"घोरायचा," फुफी म्हणाली.

खिडकीतलं ऊन माझ्या घडीवरून सरकत होतं, वेळ जात होती. धाकट्याने दुकानाची किल्ली टेबलावर ठेवली, बाह्या वर केल्या आणि बाथरूममध्ये गेला. नळ बराच वेळ वाहत होता. बाहेर आला तेव्हा बटण सरळ त्याच्यापाशी गेली आणि तिने त्याचं कोपर चाचपून बघितलं. ओलं होतं.

मखमली जानमाजांचं प्लॅस्टिक पहिल्यांदा फाटलं. एक पुढे धाकट्यासाठी, मागे अम्मी, फुफी, आणि मधे मी, माझ्यावर बटण. धाकटा पुढे उभा राहिला, पण नियत, म्हणजे नमाजचा मनातला संकल्प, करेना. त्याने मागे वळून खालच्या आवाजात विचारलं, "बटण, बघ गं, मी बरोबर उभा आहे का?"

बटण माझ्यावरून उतरली. तिने खडूच्या बाणाकडे बघितलं, अब्बांचं ओलं कोपर धरलं आणि त्यांना थोडंसं उजवीकडे वळवलं. मग धावत येऊन परत माझ्यावर उभी राहिली. त्या संध्याकाळी सजद्यात पुढच्या मखमलीवरून नाक ओढल्याचा आवाज आला. घोरण्याचा नव्हता तो.

मित्रांनो, मला धुवा, उन्हात वाळवा, नाही जमलं तर नुसतं झटका. मी मळले तरी चालेल, झिजण्यासाठीच मी विणली गेले. पण कोणी तुमच्या चुकीला हसलं तर त्याला एकच विचारा: मी चुकत होतो तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभे होता का? आणि तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या घरात कोणी लहान असेल, तेव्हा हा प्रश्न स्वतःला विचारा. मला तेवढं पुरेल. साडूभाऊंवरचा माझा राग मात्र जाणार नाही, त्याची कोणी समजूत घालू नये.

खडूचा बाण फरशी पुसली की जातो. फुफीने जाताना खडू घरातच ठेवला आणि सांगितलं, तो रोज बाप-लेकीने मिळून काढायचा. काल संध्याकाळी फरशी स्वच्छ होती. बटणने मला आणलं, खडू आणला. बाण तिला आता एकटीलाही काढता येतो. तरी ती खडू हातात धरून दाराकडे बघत माझ्यावर बसून राहिली, आणि खिडकीतलं ऊन माझ्या वाकड्या कमानीपर्यंत पोचायच्या आत बाहेर किल्लीचा आवाज झाला.